समोरच्या पाटीची अक्षरं

४ सप्टेंबर

शेंडेफळ,

तुझं पाकीट परवा स्टुडिओत आलं. मालकांनी ते माझ्या हातात दिलं आणि लगेच मान वळवून पंखा बघत बसले, जणू त्यांना काही दिसलंच नाही. माणूस भला आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, ते बरं केलंस. असंच चालू ठेव. तू फोन घेतला असशील तर नंबर मला कळवू नकोस. मागच्या वेळी मैत्रिणीकडे लपलीस ती आईच्या फोनवरूनच सापडलीस ना? तुझा नवरा, तो गोडबोल्या, अजूनही दर रविवारी येतो. "आई, फोन नीट चालतोय ना, बघू जरा," म्हणतो, आणि आई कौतुकाने फोन त्याच्या हातात देऊन चहा टाकायला जाते. सख्खा मुलगा इतकी विचारपूस करणार नाही, असं मला वर ऐकवते. मी भांडी आपटते, दुसरं काय करणार?

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तू लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलीस. तर ऐक, तुझा पत्ता माझ्या डोक्यातून बाहेर आलेला नाही. पाकिटावर लिहिते, पेटीत टाकते आणि विसरते. आईलासुद्धा सांगितलेला नाही. आईला तर नाहीच नाही.

आता तुझ्या कॅमेऱ्याचं. "ताई, एक जुना डिजिटल कॅमेरा स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" एवढ्या एका ओळीवर मी काय कप्पाळ सांगणार? कुठला, किती जुना, कुणी वापरलेला, काही नाही. बाजारात गेलीस की तुझं असंच. आवडलं की आवडलं.

पण पुढचं वाचलं आणि खरं सांगते, डोळ्यांना पदर लावला. झेरॉक्सच्या दुकानातल्या बाई तुला एक कोपरा द्यायला तयार आहेत, कॅमेरा तुझा असेल तर ओळखपत्राचे फोटो तू काढायचे. म्हणजे पुन्हा स्वतःचं काम. तिथे कुणी विचारणार नाही, कुठून आलीस, का आलीस. तुझ्या भुंगीची शाळा, खोलीचं भाडं, सगळं त्या कोपऱ्यावर उभं राहील. म्हणून कॅमेरा चुकून चालणार नाही.

इथल्यासारखा मोठा कॅमेरा तुला आता पेलणार नाही हे मला माहीत आहे. त्या मनगटाला प्लास्टर घातलं तेव्हा आपण डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडली. तुमच्या तळमजल्याच्या घराला जिना होता कुठे! डॉक्टरांनीही विचारलं नाही. असो. हलका कॅमेराच घ्यायचा आहे, तर हलक्यातला चांगला कुठला ते बघू.

विकणारा आठ दिवस वापरून बघा म्हणतोय, ते ठीक. पण कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून भुलू नकोस. दुरून डोंगर साजरे, तसे त्या एवढ्याशा पडद्यावर सगळेच फोटो साजरे. आपण नेहमी करतो तीच परीक्षा कर. खिडकीत उशी ठेव, उशीवर कॅमेरा, आणि समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढ. बटण दाबून हात बाजूला घे, दहा सेकंदांनी तो आपोआप काढेल, म्हणजे मनगट हलायचा प्रश्न नाही. आठवतं ना, आपल्या वेळी समोरच्या औषधवाल्याची पाटी असायची? मालक भिंग देऊन म्हणायचे, "पोरींनो, अक्षर वाचू नका, अक्षराची कड बघा. वाचायला गेलात की फसलात. फुटलेलं अक्षर मनच पुरं करून घेतं." तू तरी वाचायचीसच, आणि मोठ्याने औषधांची नावं घेत बसायचीस. मी मात्र तेव्हापासून पाट्या वाचतच नाही म्हण ना.

कॅमेऱ्यातलं कार्ड पाकिटात घालून पाठव. भुंगीला पापा. अजून दिवसभर गुणगुणते का ती?

तुझी ताई


२१ सप्टेंबर

शेंडेफळ,

कार्ड मिळालं. सगळे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. एकेकाचा पंचनामा ऐक.

झूम म्हणजे शुद्ध थाप आहे. पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत भिंग सरकतं, पुढे कॅमेरा नुसता आहे तेच चित्र ताणतो आणि चौकोन चौकोन दिसायला लागतात. तू त्या वाटेला जाऊच नकोस. पुढे चालत जा, पाय देवाने उगाच नाही दिले.

फ्लॅश लावून तुझ्या घरमालकिणीचा फोटो काढलायस. बाई पिठात तोंड घालून आल्यासारख्या दिसतायत. दाखवू नकोस त्यांना, खोली खाली करायला लावतील. ओळखपत्राचे फोटो खिडकीच्या उजेडातच काढायचे, फ्लॅश बंद.

बटण दाबल्यावर फोटो निघायला वेळ लागतो. भुंगीचे सात फोटो आहेत आणि सातांत भुंगी पुरती एकातही नाही. एकात कोपर, एकात चप्पल, एकात नुसती हवा. ओळखपत्राला माणूस स्टुलावर गप्प बसतो, त्यामुळे हा दोष चालेल. पोरांचे फोटो काढून मागितले तर नाही म्हण.

पिवळा रंग जरा हिरवट येतो. आईने विणलेला तो पिवळा स्वेटर, एक बाही आखूड राहिलेला, अजून घालते होय ती? कॅमेऱ्यात तो कच्च्या लिंबासारखा आलाय. पण अंगाचा रंग बरा येतो, आणि तुला तोच लागणार आहे.

पाटीचा फोटो मात्र हललाय. उशीवर ठेव म्हटलं तर हातात धरून काढलास, हो ना? मला कळतं. पुन्हा काढ. दुपारी, ऊन समोरच्या भिंतीवर असताना. आणि भुंगीला खिडकीत उभी कर, बाहेर तोंड करून. जवळचं आणि लांबचं एकदमच बघता येईल.

इकडे सगळं ठीक. गोडबोल्या गेले काही रविवार आलेला नाही. आईला करमत नाही, दारात खुर्ची टाकून बसते. म्हणे तो आता शांत झालाय, काम धरलंय, पश्चात्ताप होतोय बिचाऱ्याला. मी म्हटलं, पश्चात्ताप होतोय तर बरंय, होऊ दे, आपल्याला त्यात पडायचं नाही. त्यावर आईने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तुझ्याबद्दल विचारत नाही ती. तू तिला न सांगता गेलीस हे तिच्या जिव्हारी लागलंय. पण परवा कपाटातून जुनी लोकर काढून बसली होती, मी आत आले तशी पिशवीखाली सारली.

तो येत नाही तर मला हलकं वाटायला हवं. वाटत नाही. येत होता तेव्हा निदान कुठे आहे ते कळत होतं.

ताई


९ ऑक्टोबर

अगं शहाणे,

काय फोटो काढलायस! मी कॉम्प्युटरवर उघडला आणि खुर्ची मागे सरकवून उभीच राहिले. खिडकीची चौकट, त्यात पाठमोरी भुंगी, टाचा उंचावून बाहेर बघतेय, पाठीवर ऊन, आणि तिच्या डोक्याच्या पलीकडे अख्खा रस्ता, समोरचं दुकान, पाटी. आखूड बाहीतून तिचं मनगट बाहेर आलंय. इतका गुणी फोटो त्या खेळण्यातल्या कॅमेऱ्याने काढला यावर माझा विश्वास बसेना.

पडद्यावर बघून निकाल द्यायचा नाही, म्हणून मोठा प्रिंट काढला, आपल्या सगळ्यांत मोठ्या कागदावर. मग भिंग घेऊन बसले. पाटीवरच्या अक्षरांच्या कडा पाहिल्या. मधल्या सगळ्या कडा सुरीने कापाव्यात तशा. वरची ओळ, खालची ओळ, त्याखालची बारीक ओळसुद्धा. फक्त कोपऱ्यांत भिंग कमी पडतं, स्वस्त कॅमेऱ्याचं हे ठरलेलंच. उजव्या खालच्या कोपऱ्यातला शेवटचा आकडा तर लोण्यासारखा वितळलाय. पण ओळखपत्राला कोपऱ्यात काय असतं? नुसती पांढरी भिंत. चेहरा मधोमध.

तेव्हा निकाल ऐक. घे. डोळे झाकून घे. जास्तीची एक बॅटरी मागून घे, कार्ड दोन ठेव, आणि विकणाऱ्याला तोंडावर फार खूश दिसू नकोस.

आणि आता बातमी. मालक मागून आले, प्रिंट पाहिला, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "हा कोणाचा ते मी विचारत नाही. पण या महिन्याचा हाच." झालं! काचेत लागला. तुला माहीत आहे आपली रीत, महिन्याचा सगळ्यांत चांगला प्रिंट दर्शनी काचेत. तू इथे होतीस तेव्हा तुझे लागायचे आणि मी जळायचे. या वेळी जळले नाही, स्वतः टाचण्या मारल्या.

घाबरू नकोस, मी विचार केलाय. चेहरा दिसत नाही. पाठमोरी पोर, केस कापलेले, कुणाचीही असू शकते. रोज सकाळी शटर वर करते तेव्हा पहिल्यांदा तीच दिसते मला. वर्षभरात तिला पाहिलं नाही, तेवढाच आधार. तू हसशील, पण मी तिला "काय गं भुंगे" म्हणून आत जाते.

ताई


२६ ऑक्टोबर

शेंडेफळ,

कॅमेरा घेतलास, कोपऱ्यात टेबल मांडलंस, पहिल्या दिवशी एका अख्ख्या कुटुंबाने फोटो काढून घेतले, हे वाचून मी मालकांना चहा पाजला. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. दोन घोट जास्त घेतले फक्त.

इकडच्या गोष्टी काही विशेष नाहीत. तरी लिहिते, लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मागच्या आठवड्यात मी डबा विसरले, तो घेऊन आई आली. कधी नव्हे ती. मी आत प्रिंट कापत होते. बाहेर बघते तर आई काचेसमोर उभी, डबा छातीशी धरून. हाक मारली तरी हलेना. जवळ गेले तेव्हा म्हणाली, "उन्हाने डोळ्यांत पाणी आलं." ऊन तर मागच्या बाजूला होतं. डबा दिला आणि निघाली. त्या दिवसापासून विणकाम जोरात आहे. आता पिशवीखाली लपवतही नाही. काय विणतेस म्हटलं तर म्हणाली, हात रिकामे बरे नाहीत.

आणि गोडबोल्या उगवला. घरी नाही, स्टुडिओत. पांढरा शर्ट, केस चापूनचोपून, हातात आईसाठी औषधाची पिशवी. "ताई, नोकरीसाठी फोटो हवाय." मी नाही कसं म्हणणार, दुकान आहे. मालकांनीच काढला फोटो, मी आत बसून राहिले. आपण लपून बसलोय याचाच मला राग येत होता. मी का लपायचं?

जाताना तो काचेपाशी थांबला. आतून मला वाटलं, केस सारखे करतोय. मग परत आत आला. म्हणाला, "ताई, काचेतला फोटो छान आहे. कुठल्या कॅमेऱ्याचा?" मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाच्या साध्या कॅमेऱ्याचा. "स्वस्तातला? मीही एखादा घ्यावा म्हणतो. घेण्यासारखा आहे का? लांबची अक्षरं वगैरे वाचता येतात त्यात?" त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण तुला माझी खोड माहीत आहे, धंद्यातलं विचारलं की माझी जीभ सुटते. म्हटलं, मधली स्वच्छ येतात, कोपऱ्यातली नाही. तो हसला. "मधली पुरे झाली," म्हणाला. "कशाला उगाच महागात जायचं."

इतका नम्र होता की मालक म्हणाले, सुधारलेला दिसतो.

दुसरं एक म्हणजे काच. रोज सकाळी मी वर्तमानपत्राने काच पुसते. हल्ली बोटांचे डाग फार पडतात. पोरं चेहरे चिकटवतात, ते खालच्या बाजूला असतात, त्यांची मला सवय आहे. पण हे वर असतात. भुंगीवर नाहीत, तिच्या डोक्याच्या बाजूला, पाटी आहे तिथे. आडव्या रेघा, एकाखाली एक, बोट ओढत नेल्यासारख्या. तेलकट बोट. पुसून पुसून माझा खांदा दुखला. काल पुसले, आज पुन्हा. लोकांना काचेला हात लावू नका असं लिहून लावलं तर तेही बोट लावूनच वाचतील.

आज पहिल्यांदाच मला वाटलं की फोटो काढून ठेवावा. मालक म्हणाले, महिना संपू दे. मीही म्हटलं, उगाच जिवाला घोर नको. तूही घेऊ नकोस. त्या कोपऱ्याकडे लक्ष दे.

ताई


२ नोव्हेंबर

शेंडेफळ,

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही. तरी लिहिते. नाही लिहिलं तर माझं डोकं फुटेल.

आज सकाळी आईची विणकामाची पिशवी खुंटीला रिकामी लोंबत होती. मी सहज म्हटलं, झाला वाटतं स्वेटर? हो म्हणाली. बघू म्हटलं. "दिला," म्हणाली. कुणाला? आई निवडत होती ते धान्य तसंच ताटात चाळत राहिली. मग म्हणाली, "तो जातोय ना तिकडे. पोर वाढली असेल. तो पिवळा आता तिला होत नाही, बाही बघितलीस ना कुठे आलीये. हा चांगला लांब विणलाय, दोन वर्षं जाईल."

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, तिकडे म्हणजे कुठे? तुला कुणी सांगितलं तिकडे कुठे?

"मला काय ठाऊक कुठे," आई म्हणाली. "मी फक्त त्याला फोनवर सांगितलं की काचेतली पोर आपलीच आहे. ते टाके माझ्या हातचे. मी ओळखणार नाही? बाकी त्याने बघितलं. बाप आहे तो तिचा. मरायच्या आधी मला एकदा त्या पोरीचं तोंड बघू दे."

त्यावर मी आईला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. जन्मदात्या आईला कुणी बोलू नये ते बोलले. ती कानांवर हात ठेवून बसली होती. तुझं मनगट कुणी मोडलं ते मी तिला पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सांगितलं. तिला ठाऊकच होतं गं. तोंड फिरवून म्हणाली, "पुरुषाचा राग, जातो तो." पण हात ताटात परतले ते तिथेच थांबले.

तशीच अनवाणी स्टुडिओत पळाले. शटर अर्धं वर केलं, आत वाकून गेले आणि काचेतून तो फोटो ओरबाडून काढला. टेबलावर पसरला. आणि गळ्याशपथ सांगते, तेव्हा मी ती पाटी पहिल्यांदा वाचली. दुकानाचं नाव. खाली गल्लीचं नाव. त्याखाली, त्या बारीक ओळीत, तुझ्या गावाचं नाव. जे नाव मी पाकिटावर दर वेळी लिहिते आणि कुणाला दिसू नये म्हणून उलटं धरून पेटीत टाकते, ते तीन आठवडे भर रस्त्यात काचेत लावून ठेवलं होतं मी. टाचण्या मारून. त्या ओळींच्या कडा मी भिंगाखाली पाहिल्या होत्या. कडा चांगल्या आहेत असं तुला कळवलंही होतं. किती हुशार मी!

आणि त्या आडव्या रेघा. कुणीतरी एकेक ओळ बोट लावून वाचत होतं, लहान मुलं वाचतात तशी. मी त्या पुसत बसले.

रडायला वेळ नव्हता. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात फोन नंबर होता, शेवटचा आकडा वितळलेला. तीन, आठ नाहीतर सहा. स्टुडिओच्या फोनवरून आधी तीन लावला. दातांचा दवाखाना निघाला. आठ लावला, तो कुणी उचलेना. सहा लावला तर जाडाभरडा आवाज आला, "पाइप, नळ, फिटिंग, बोला!"

मी एका दमात सगळं सांगितलं. समोरच्या वरच्या खोलीत माझी बहीण राहते, लहान पोर आहे, एक माणूस तिकडे निघालाय, पोचलाही असेल, तिला सांगा, आत्ता जाऊन सांगा. मग ते दुकानवाले काका म्हणाले, "तुम्ही त्या ताई का? स्टुडिओवाल्या?"

हो म्हटलं.

"त्या गेल्या, बाई. परवा सकाळी पत्र आलं, जिन्यातच उभ्या राहून वाचलं, आणि तासाभरात खाली उतरल्या. काच, बोटं, असलं काहीतरी म्हणत होत्या. मला काही कळलं नाही. माझ्या टेम्पोत पाइपांच्या मागे बसवून दिलं. कुठे सोडलं ते मी ड्रायव्हरला विचारलं नाही आणि तुम्हीही मला विचारू नका."

अगं, मी फोन छातीशी धरून हमसून हमसून रडले. वाचलीस. तुला कळलं! मी लिहिलं तेव्हा मला कळलं नव्हतं आणि तू वाचलंस तेव्हा तुला कळलं. तू आधीपासून वाचणारीच. आणि मी बडबडी, काचेवरच्या डागांपर्यंत सगळं लिहिणारी, त्या बडबडीनेच तुला तारलं म्हणायचं. आता पुन्हा म्हण, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. नाही भिजत. बरंच झालं.

चौकीतही फोन करा म्हणून मी काकांना सांगत होते. ते म्हणाले, "केला होता. काही घडलं तर कळवा म्हणाले." आणि मग म्हणाले, "थांबा, गिऱ्हाईक आलंय."

रिसीव्हर त्यांनी टेबलावर ठेवला असावा. नळांचा खडखडाट ऐकू आला. मग तो आवाज. इतका गोड, इतका मऊ, मी झोपेतही ओळखेन.

"काका, समोर वर कुणी राहतं का हो? एक बाई आणि लहान मुलगी. मी मुलीचा बाबा. तिच्यासाठी स्वेटर आणलाय."

काका म्हणाले, रिकामी आहे खोली.

"हो का?" तो म्हणाला. "पण खिडकी तर हीच. आणि पाटीही हीच. बरं. बसू का मी इथे जरा? मला काही घाई नाही."

मी फोन ठेवला नाही. ऐकत राहिले. मग कुणीतरी, बहुतेक काकांनी, रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.

ताई


१९ नोव्हेंबर

शेंडेफळ,

आधीचं पत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. हेही त्याच पाकिटात घालीन. कधीतरी तू दारात उभी राहशील तेव्हा दोन्ही तुझ्या हातात देईन. तोपर्यंत जाड होत जाईल पाकीट, होऊ दे.

तो परत आला. आज दुपारी. स्टुडिओत गर्दी होती, एक शाळा रांगेत उभी होती ओळखपत्रासाठी. तो पोरांच्या मागे शिस्तीत उभा राहिला, आपली पाळी येईपर्यंत. मग टेबलावर कागदात गुंडाळलेलं पुडकं ठेवलं. "हा आईंना परत द्या, ताई. माप जरा मोठं आहे. पुढच्या वेळेपर्यंत बरोबर होईल."

मी म्हटलं, पुढची वेळ नाही. तिचं नखसुद्धा तुझ्या नजरेला पडणार नाही. माझा आवाज चढला, पोरं बघायला लागली. मालक आतून बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने रिकाम्या काचेकडे पाहिलं आणि विचारलं, "नवा फोटो कधी लावताय?"

मी पुढच्या पोराला स्टुलावर बसवलं.

"लावाल," तो म्हणाला. "ती काढल्याशिवाय राहायची नाही. तुम्हाला पाठवल्याशिवायही राहायची नाही. आणि तुम्हाला कौतुक लपवता येत नाही, ताई. मी थांबतो." पोरांमधून वाट काढत, एकाच्या डोक्यावरून हात फिरवत तो निघून गेला. ज्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला त्याचा फोटो मला दोनदा काढायला लागला.

त्याचं खोटं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण मेल्याने आपल्याला अगदी बरोबर ओळखलंय. तू आजच कुठेतरी, कुठल्या तरी खिडकीत उशी मांडून बसली असशील. भुंगी नव्या गावात पहिल्यांदा हसली की तुला वाटणार, ताईला पाठवावा. मला मिळाला तर मी तो आधी छोटा काढीन, मग म्हणेन, एकदाच मोठा काढून बघू, कडा कशा आल्यात ते. म्हणून इथेच सांगून ठेवते, तुझ्यापर्यंत पोचत नसलं तरी. कॅमेरा चांगला आहे, तू तो बरोबर नेला असशील अशी माझी आशा आहे. त्याने पोट भर. भुंगीचे फोटो काढ, खूप काढ, तिचे पडके दात, तिची नवी शाळा, सगळं काढ. आणि मला एकही पाठवू नकोस. पत्र नको, पत्ता नको, खुशाली नको. तुझ्याबद्दल मला काहीच माहीत नसलं की तू सुखरूप आहेस असं मी समजेन.

आईला पुडकं दिलं. तिने उघडलं, स्वेटर मांडीवर पसरला, बाह्या हातांनी सरळ केल्या. मग खालच्या काठाचा टाका शोधला आणि उसवायला लागली. मला वाटलं, तिला सगळं कळलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तर म्हणाली, "तो म्हणतो तेही खरंय. भेटेपर्यंत अजून वाढलेली असेल. थोडा मोठाच विणते."

मी उठून आतल्या खोलीत आले. तो मोठा प्रिंट गुंडाळून ठेवला होता, तो काढला आणि कात्री घेतली. पाटी कापली, दुकान कापलं, रस्ता कापला, खिडकीची चौकटही काढून टाकली. कापलेल्याचे बारीक तुकडे केले. आता माझ्याकडे नुसती भुंगी राहिलीये, पाठमोरी, एक बाही आखूड. ती कुठे उभी आहे आणि काय बघतेय, आता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

ताई